बिब्ब्याचं मतदान

पृथ्वीला उलटी झाली तेव्हा मी शुक्र होतो. म्हणजे फार लांब नव्हतो, त्यामुळे डोळ्यांनी पाहिलेलं सांगतो. पृथ्वी म्हणजे आमच्या वर्गातला काशीनाथ. त्याला गुरुजींनी स्वतःभोवती गिरक्या घेत घेत सूर्याभोवती फिरायला सांगितलं होतं, आणि काशीनाथ सकाळी भाकरीवर वाडगाभर आंबील ढोसून आला होता. सूर्य म्हणून शाळेचा शिपाई मधोमध बसवला होता, कारण जागचा न हलणारा माणूस सबंध गावात तेवढा एकच होता. दुसऱ्या फेरीला पृथ्वीचा रंग बदलला, तिसऱ्या फेरीला जे काही पोटात होतं ते चंद्राच्या अंगावर आलं. चंद्र रडत घरी गेला. गुरुजी मात्र टाळ्या पिटत म्हणाले, "बघा, पृथ्वी किती जोरात फिरायलीय, आन आपल्याला पत्ता न्हाई. काशीनाथाला इचारा."

प्लूटोची गोष्ट याहून मोठी. त्या पोराला गुरुजींनी नुसतं "लांब जा" एवढंच सांगितलं होतं. ते मुडबीच्या रस्त्यानं जे निघालं ते मामाच्या घरी पोचलं. तिथं राहिलं, पुरणपोळी खाल्ली, मामीकडून नवा सदरा शिवून घेतला आणि सवडीनं परत आलं. हेडमास्तरांनी त्याची गैरहजेरी मांडली होती. गुरुजी ती खोडून घ्यायला गेले. म्हणाले, "प्लूटोला येळ लागतोच सर. उलट ह्ये लौकर आलंय."

बसवकल्याण तालुक्यातलं आमचं गाव. म्हैसूर राज्यात आम्ही नवे नवे गेलो होतो. आजोबांनी अर्ज उर्दूत लिहून घेतले, वडिलांनी कन्नडात, आणि घरातली भांडणं तेवढी सगळ्यांनी मराठीत केली. अशा गावात मराठी शाळेला हे गुरुजी मिळाले. गाणगापूरकडचे. उंच इतके की वर्गाच्या दारातून आधी गुडघे आत यायचे आणि मग बऱ्याच वेळानं टोपी. आवाज मात्र बारीक, एखादी बाई पलीकडच्या खोलीतून बोलायलीय असं वाटावं.

फळ्यावर लिहिणं त्यांना आवडायचं नाही. खडूची पेटी वर्षाच्या सुरुवातीला येई ती परीक्षेच्या वेळी हेडमास्तरांना जशीच्या तशी परत जाई. धडा आला की बाकं हलवायची. पोष्टाचा धडा आला की वर्ग पोष्ट व्हायचा, टपालपेटी म्हणून कोपऱ्यातला माठ. एसटीचा धडा आला की बाकं एकामागं एक, आणि कंडक्टर झालेल्या पोरानं कन्नडातच बोलायचं. ज्याला कन्नड आलं नाही त्याला खाली उतरवलं जाई. मग तो उरलेला तास शाळेबाहेर उन्हात उभा. दुसऱ्या दिवशी त्याला बरोबर कन्नड येई.

यात गुरुजींचा एक नियम होता. सगळ्यात खालचं काम त्यांचं. वर्गाची तहसील कचेरी झाली तेव्हा तहसीलदार झाला बाकावर सगळ्यात मागं बसणारा पोरगा, आणि गुरुजी झाले दारातले शिपाई. तेवढ्यात खरे हेडमास्तर आले. गुरुजींनी त्यांना सलाम ठोकला आणि दार अडवून म्हणाले, "सायब मिटिंगीत हायत. बसा थोडं भाईर." हेडमास्तर बाहेर बसले. मी शपथेवर सांगतो, ते तास संपेपर्यंत बसले. आणि आत आल्यावर त्यांनी त्या मागच्या बाकावरच्या पोराला रागवायच्या ऐवजी आधी घसा खाकरला.

हे कुठून शिकलात, म्हणून एकदा आम्ही विचारलं. गुरुजी म्हणाले, लहानपणी गाणगापुरात आम्ही पोरं पुजारी-यात्रेकरू खेळायचो. जो पोरगा पुजारी व्हायचा तो घटकेत भारदस्त बोलायला लागायचा आणि जो यात्रेकरू व्हायचा तो घटकेत हात जोडायचा. दुसऱ्या दिवशी अदलाबदल केली की तीच पोरं उलटी. "मंग मला कळलं," ते म्हणाले, "माणसाला सांगून शिकिवता येत न्हाई. त्याला दुसऱ्याच्या जागी उभं करावं लागतंय."

खेळ संपला की ते जमिनीवर मांडी घालून बसत आणि एकेकाला विचारत, काय वाटलं. उत्तर चुकीचं असं काही नसे. ज्याला काहीच वाटलं नाही त्याला पुढच्या वेळी शिपाई करत, म्हणजे स्वतः जे होत तेच.

आता मुख्य गोष्टीकडे येतो. तिच्यासाठी आमच्या आईची ओळख करून द्यायला हवी.

मागच्या पंचायतीच्या निवडणुकीत आईनं पहिल्यांदा मत दिलं होतं. उमेदवार दोन: एकाची खूण छत्री, एकाची शिडी. छत्रीवाले आमच्या भावकीतले, शिडीवाले आईच्या माहेरच्या नात्यातले. आईनं शिक्का उचलला, छत्रीवर मारला, आणि कुणाचं मन कशाला दुखवायचं म्हणून शिडीवरही मारला. दुसऱ्या दिवशी विहिरीवर तिनं हे मोठ्या समाधानानं सांगितलं. मत बाद झालं हे तिला तिथं कळलं. ती काही एकटी नव्हती. एका बाईनं तर मतपत्रिका पदराखाली घरी नेऊन कणगीवर चिकटवली होती, छत्री छान काढलीय म्हणून. पण आमचे वडील, आम्ही त्यांना आप्पा म्हणायचो, ते गोष्ट सांगण्यात माझे बाप शोभतील असे. घरी पाहुणा आला की चहाबरोबर हीच गोष्ट. "आमच्या हिनं दोघांनाबी निवडून दिलं." पाहुणे हसायचे. आई आत जाऊन चुलीत फुंकायला लागायची, जाळ चांगला पेटलेला असला तरी.

पुन्हा निवडणूक आली तेव्हा तिनं एवढंच ठरवलं होतं: यावेळी आपलं मत मोजलं गेलं पाहिजे. कुणाला द्यायचं ते पुढचं पुढं.

इकडे आमच्या सातवीच्या नागरिकशास्त्रात निवडणुकीचा धडा आला. गुरुजींनी वर्गात मतदान घेतलं. उमेदवार आंबा आणि पेरू. बोटाला निळी शाई. मोजणी झाली तेव्हा वर्गात पोरं चाळीसेक आणि पेटीत मतं शंभराच्या वर. गुरुजींनी सगळ्यांची बोटं तपासली.

"शाई कशानं काढलाव रे?"

"चिंचंनं, गुरुजी."

"थुकीनं बी जाती, गुरुजी."

पेरू निवडून आला होता, पण गुरुजींनी त्याला पदावर बसवलं नाही. खेळानंतर काय वाटलं ते विचारताना मात्र एका पोरानं आपल्या घरच्या बाईनं मागच्या वेळी काय केलं ते सांगितलं, मग दुसऱ्यानं सांगितलं, आणि वर्गात हसण्याचा नुसता पूर आला. मी हसलो नाही. गुरुजीही हसले नाहीत. ते म्हणाले, "हसायलाव कामून? त्यास्नी कुणी खेळायला दिलंच न्हाई."

पुढच्याच आठवड्यात त्यांनी गावातल्या बायांना दुपारी शाळेत बोलावलं. पोरांच्या अभ्यासाची सभा आहे असा निरोप. अभ्यासाची सभा म्हटल्यावर एकही पुरुष फिरकणार नाही हे त्यांना माहीत होतं. बाया आल्या. सगळ्या गल्ल्यांच्या आल्या, बौद्धवाड्यातल्याही आल्या, आणि सवयीनं वेगवेगळ्या घोळक्यांत बसल्या. गुरुजींनी दारात शिपाई म्हणून उभं राहून एक रांग लावली, ज्या क्रमानं आल्या त्या क्रमानं. मतदान अधिकारी कोण होणार विचारलं तर सगळ्या खाली बघायला लागल्या. शेवटी बौद्धवाड्यातल्या शेवंताबाई उठल्या. खुर्चीत बसल्या, आणि बसल्याबरोबर त्यांचा आवाज बदलला. "पुढं या. नाव सांगा. गडबड करू नका."

शाईचा प्रश्न गुरुजींनी आधीच सोडवला होता. परीट कपड्यांवर बिब्ब्याची खूण करतो. कापड विरतं पण खूण जात नाही. गुरुजींनी परटाकडून बिब्बे आणून त्यांचा रस चुन्यात कालवला होता.

"गुरुजी, बिब्बा उततोय," आई म्हणाली. "कातडं जळतंय त्यानं."

"काडीच्या टोकाएवढा लावायचा, अक्का. खोटं करायचं तर खऱ्यासारखं करावं."

शेवंताबाईंनी डाव्या हाताचं बोट मागितलं तेव्हा रांगेत पहिल्या उभ्या होत्या त्या पाटलीणबाई. त्या हात पुढं करेनात. शेवंताबाईही हात मागे घेईनात. तेव्हा दारातले शिपाई बारीक आवाजात म्हणाले, "बाई, सायबांस्नी हात द्या. रांग खोळंबलीय." पाटलीणबाईंनी हात दिला. मग सगळ्यांनी दिला. त्या दुपारी गावातल्या प्रत्येक बाईचं बोट शेवंताबाईंनी धरलं. कुणी कुणाचं बोट धरलं हे बाहेर कळलं असतं तर गावात काय झालं असतं ते सांगत नाही, कारण कळलंच नाही. सभा अभ्यासाची होती.

आईनं आंब्यावर एकच शिक्का मारला, फुंकर घालून वाळवला, कागदाची घडी घातली आणि मतपेटी म्हणून ठेवलेल्या माठात टाकली. रांग संपेपर्यंत ती इतरांना शिकवायला लागली होती.

आता एवढ्या शहाण्या माणसाला एक गोष्ट सुचू नये. सरकारी मतदान आठवड्यावर आलं होतं, आणि त्यांनी खूण लावली होती नेमकी सरकार लावतं तिथंच: डाव्या हाताचं पहिलं बोट, नखाच्या मुळाशी. बिब्ब्याचा डाग आठवड्यात जाईल असं त्यांना वाटलं होतं. आठवड्यात तो काळाकुळकुळीत झाला.

मतदानाच्या दिवशी गुरुजी गावात नव्हते. मास्तराला सरकार त्याच्याच गावात ड्यूटी देत नाही. त्यांना राजेश्वर गावी पाठवलं होतं. आमच्या शाळेत आले ते गुलबर्ग्याकडचे एक साहेब. गोल, घामेजलेले, दर मिनिटाला रुमालानं मान पुसणारे. आम्ही पोरं खिडकीला वटवाघळांसारखी लटकलो होतो. पुरुषांचं मतदान झालं आणि बायांची रांग आत गेली. पुढं आई. ठेवणीतलं लुगडं नेसून आलेली.

साहेबांनी बोट बघितलं. मान पुसली. "आयतु, होगरी," म्हणाले. झालं, जावा.

"आगिल्ला री," आई म्हणाली. झालं नाही हो.

साहेब कन्नडातून दखनीत उतरले. "निशान है ना अम्मा. निशान है तो वोट हो गया. फिर कैसा दूसरा वोट?"

साहेब म्हणाले, "नेक्स्ट." मग दुसरी बाई. निशान. तिसरी. निशान. साहेबांचे डोळे मोठे होत गेले. त्यांच्या सबंध नोकरीत असं झालं नव्हतं की अख्ख्या गावातल्या बाया घरूनच मतदान करून आल्यात. त्यांनी सगळ्यांना बाहेर काढलं.

बाहेर तर रणकंदन. शिडीवाले म्हणायला लागले, छत्रीवाल्यांनी बायांची मतं पहाटेच कुठंतरी घेतली. छत्रीवाले म्हणायला लागले, शिडीवाल्यांनीच. हे मतदान शाळेत आंब्यासाठी झालंय हे बाया सांगत होत्या, पण ते कुणाला खरं वाटावं? आप्पा झाडाखालून मोठ्यानं म्हणाले, "मागं एका येळी दोन शिक्के मारली. आता दोन येळा मत द्यायला गेली." लोक हसले. इथं फुंकायला चूल नव्हती. आई तशीच उभी राहिली. बोट मुठीत मिटून.

कुणीतरी म्हणालं, राजेश्वरला सायकल पाठवा, गुरुजींना बोलवा. शेवंताबाई म्हणाल्या, "ड्यूटी सोडून आले तर त्यांची नोकरी जाईल. कशाला बलवायलाव? त्यांचं काम आपुन बघितलं न्हाई का? तेच आपुन करू."

दुपार झाली. मतदाराचं नाव नाही. साहेब डबा घेऊन लिंबाखाली आले. बायांची रांग हललेली नव्हती. तीही लिंबाखालीच होती. साहेबांचं जेवण झालं. मग आई म्हणाली, "सायब, सध्या काम न्हाई तुमाला. एक खेळ खेळताव का?"

"खेळ?"

"तुमी आमी व्हा. आमी तुमी व्हताव."

माणूस भला असावा, किंवा नुकताच जेवल्यामुळं मऊ झाला असावा. बायांच्या रांगेत जाऊन उभा राहिला. शेवंताबाई एका उपड्या पाटीवर बसल्या. पदरानं मान पुसली. पुन्हा पुसली. रांगेतल्या बाया फसकन हसल्या. साहेबही हसले, कारण ती नक्कल कुणाची आहे ते त्यांना अजून कळलं नव्हतं.

"हात," शेवंताबाई म्हणाल्या.

साहेबांनी हात पुढं केला. शेवंताबाईंनी तो धरला, उलटा केला, उन्हात नेला आणि सगळ्यांना दिसेल असा वर उचलला. सकाळपासून पुरुषांच्या बोटांना शाई लावून लावून साहेबांचं स्वतःचं बोट नखापासून पेरापर्यंत जांभळं झालं होतं.

"आयतु, होगरी," शेवंताबाई म्हणाल्या.

"अरे, ये तो..."

"निशान है ना. निशान है तो वोट हो गया."

"ये काम का दाग है, बाई. मैं वोट दियाच नहीं."

शेवंताबाईंनी मान पुसली. "नेक्स्ट."

साहेब मागं वळून बघायला लागले. रांगेतली एकही बाई हसत नव्हती. मागून आई म्हणाली, "सायब, तुमाला काय वाटलं?"

साहेबांनी रुमाल काढला, मानेकडे नेला आणि मान न पुसताच खिशात ठेवला. मग रांगेतून निघून आत गेले. मतदार यादी बघितली. बायांच्या नावांपुढं एकही खूण नव्हती. ती सकाळीच बघायला हवी होती, पण सकाळी त्यांना बोट दिसत होतं. त्यांनी दोन्ही बाजूंच्या माणसांना विचारलं, हरकत आहे का? छत्रीवाल्यांना वाटत होतं बाया आपल्या, शिडीवाल्यांना वाटत होतं बाया आपल्या. दोघांनीही हरकत घेतली नाही.

पहिलं बोट भरलेलं, म्हणून साहेबांनी शाई मधल्या बोटाला लावली. आई आत गेली. आम्ही खिडकीतून बघत होतो. पडद्यामागं काय झालं ते दिसलं नाही, पण शिक्क्याचा आवाज एकदाच आला. मग फुंकर मारल्याचा. मग ती बाहेर आली आणि घडी पेटीत टाकली.

राजेश्वरला ही बातमी संध्याकाळी पोचली, ती अशी: तुमच्या गावात बायांची बोटं जळाली आणि पोलीस आलेत. दुसऱ्या दिवशी पहिल्या एसटीनं गुरुजी परत आले. घरी गेले नाहीत. राजेश्वरच्या दुकानातून खोबऱ्याच्या तेलाची बाटली आणली होती, ती घेऊन घरोघर फिरायला लागले, कारण बिब्बा खरोखरच उतला होता. कुणाच्या बोटाला फोड, कुणाच्या कातडं गेलेलं. प्रत्येकीच्या दारात तो उंच माणूस कमरेत मोडून उभा राही आणि म्हणे, "चुकलो, अक्का. लई चुकलो." बाया तेल घेत आणि त्यालाच चहा पाजत. आमच्या घरापर्यंत येईस्तोवर त्यांच्या पोटात इतका चहा झाला होता की चालताना आवाज येत होता.

आमच्या ओसरीवर ते खांबाला टेकून खालीच बसले. आईच्या फोडाकडे बघवेना त्यांना. आई म्हणाली, "जाऊ द्या गुरुजी. मत पेटीत गेलं न्हवं?"

आप्पा वाटच बघत होते. रात्रभर झोपले नव्हते बिचारे.

"गुरुजी, घरात ह्ये काय शिकवून ठिवलाव? कालधरनं इचारायलो, कुणाला टाकलीस, कुणाला टाकलीस. तोंड उघडंना झालीय. नवऱ्याला सांगायला काय व्हतंय?"

"ते गुप्त असतंय, आप्पा," गुरुजी म्हणाले. मग त्यांच्या त्या बारीक आवाजात, "तुमी कुणाला टाकलाव?"

"म्या? छत्रीला. आपल्या भावकीतलं माणूस हाय. कामून?"

आईनं तेलाचं बोट पदराला पुसलं.

"गुरुजी," ती म्हणाली, "ह्येंचं मत बाद करा."